राखून ठेवलेले नऊ टक्के

आमच्या कार्यालयातल्या लॅपटॉपची बॅटरी आपोआप मेली नाही. आम्ही ती मारली. हे मला नगरच्या स्टँडजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने तोंडावर सांगितलं, आणि बरं झालं सांगितलं, कारण तोवर मी कंपनीला शिव्या देत फिरत होते.

मी लॅपटॉप त्याच्या काउंटरवर ठेवला तर तो डुगडुगायला लागला. एक कोपरा दाबला की दुसरा वर. त्याने उलटा करून पाहिलं आणि म्हणाला, बॅटरी फुगलीय. मग कधी चार्ज करता, किती वेळ लावून ठेवता, कुठं ठेवता, असं डॉक्टरसारखं विचारत गेला. मी खरं ते सांगितलं. लाईट असेल तेव्हा तो चार्जिंगलाच असतो.

"म्हंजी धडधाकट मानूस कायम सलाईनवर ठेवलाय तुमी," तो म्हणाला. "अन् वर इचारता, उठंना का."

आमचं कार्यालय म्हणजे पाथर्डीत खताच्या दुकानामागची एक खोली. ऊसतोड मजुरांसाठी काम करणारे आम्ही पाच-सहा जण तिथे बसतो. लॅपटॉप पुण्याच्या कुणीतरी जुना झाला म्हणून दिलेला. खोलीत जो येईल तो पहिल्यांदा वर बघायचा, पंखा फिरतोय का. फिरत असेल तर लॅपटॉपची पिन खोचायची. त्याला शंभर टक्के झालेले असोत की नसोत. आमच्याकडे मोबाईल, टॉर्च, फवारणीचा पंप, काहीही असो, घरात शिकवलेलं एकच असतं: लाईट हाय तवर लावून घे. लाईट केव्हा जाईल आणि गेली तर केव्हा येईल हे कुणाला माहीत नसतं, म्हणून सगळं कायम भरलेलं पाहिजे. आणि ह्या भरून ठेवण्यानेच बॅटरी आतून शिजते, फुगते. दुरुस्तीवाला म्हणाला, वीस ते ऐंशीच्या मधे ठेवायची असते. ऐंशी झाले की काढायचं.

मला राग आला. त्याचा नव्हे, त्या वीस-ऐंशीचा. ऐंशीवर काढून ठेवा हे ज्याच्या भिंतीत चोवीस तास वीज आहे त्यालाच म्हणता येतं. आमच्याकडे ऐंशीवर काढून ठेवला आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली, तर पुढचे आठ दिवस तेवढ्यावरच. मी हे त्याला भाषणासारखं ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, बॅटरीला हे कळत न्हाई ना पण.

नवी बॅटरी मागवायला महिना लागला असता. आमच्याकडे आठ दिवस होते. त्याने त्याच मॉडेलच्या एका बंद लॅपटॉपमधली काढून बसवून दिली. वर्षानुवर्षं वापरलेली, पण फुगलेली नाही. जपली तर दोन तास, म्हणाला. आणि जपायचं कसं ते सांगितलं. पडद्याचा उजेड कमीत कमी. बटनांखालचा दिवा बंद. वायफाय, ब्लूटूथ नको असेल तेव्हा बंद. मागे गुपचूप चालणारी सगळी कामं बंद. गोधडीवर, मांडीवर ठेवायचा नाही, खालची हवा कोंडते. उन्हात, जीपच्या डॅशबोर्डवर तर नाहीच. झोपवून ठेवायचा नाही, काम नसेल तर पूर्ण बंद करायचा. आणि जे जे त्याला जोडाल ते त्याच्यातूनच वीज पितं, तेव्हा पेनड्राईव्हसुद्धा काम झालं की काढायचा. शेवटी म्हणाला, खालच्या दहा टक्क्यांवर इश्वास ठेवू नका. जुनी बॅटरी आठ दाखवती अन् डोळा लवायच्या आत बंद पडती.

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. आठ दिवस मी त्या लॅपटॉपशी इतक्या चिक्कूपणाने वागले की कार्यालयातले लोक माझी टिंगल करायला लागले. कुणी पिन लावली की मी ऐंशीला उठून काढायची. आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते म्हणाले, एवढं तर आमच्या आईनं तूपसुद्धा राखलं नाही.

आठ दिवसांची घाई कशाची, ते सांगते. ऊसतोड मजुरांना ओळखपत्रं मिळणार होती. ओळखपत्र असलं की मजूर म्हणून नोंद, आणि नोंद असली की तोडीवर जखम झाली, आजारपण आलं तर दवाखान्यात मदत मागता येते. यादी गावोगाव जाऊन करायची, लॅपटॉपवर साठवायची आणि रेंज मिळाली की एकदम पाठवायची. शेवटची तारीख ठरलेली होती, वेळ संध्याकाळी पाचची.

आता आमच्या भागात टोळी जमवून नेणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. गावात किती माणसं जाणार असं विचारलं तर उत्तर येतं, साठ कोयते. ऊस तोडायला दोघं वाकतात, मोळी बाई बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर बाई चढते, आणि यादीत कोयता एक, नाव नवऱ्याचं. ह्याच्याविरुद्ध आम्ही पत्रक काढलं होतं. ते मी लिहिलं होतं. "बाई अर्धा कोयता नाही, अख्खी मजूर आहे" हा मथळाही माझाच. पाथर्डीच्या बाजारात, शेवगावच्या स्टँडवर, वाडीवस्तीवर मी स्वतः ते वाटलं होतं. बायांनो, तुमचं नाव वेगळं लावून घ्या, कुणी नाही म्हटलं तर आम्हाला सांगा, असं त्यात शेवटी लिहिलं होतं.

एका बाईने ते खरं मानलं.

डोंगराच्या कडेच्या एका गावातली. तिशीची असेल. आदल्या हंगामात उसाचं पाचट, म्हणजे वाळला पाला, साळताना तिच्या डाव्या हाताची दोन बोटं कोयत्याखाली गेली. एक अर्ध्यावर तुटलं, दुसरं वाकत नाही. मदत मागायला गेली तर तिला सांगितलं, मुकादमाच्या यादीत मजूर म्हणून तुमच्या मालकाचं नाव आहे, तुम्ही मजुराच्या पत्नी आहात, आणि पत्नीला जखम झाली तर त्याची ह्यात सोय नाही. पत्रक तिला वाचता येत नव्हतं, पुतणीकडून वाचून घेतलं होतं. नोंदणीच्या आधी मी त्या गावात गेले तेव्हा तिने मला एकच विचारलं होतं, "माझं नाव येगळं लागंल ना?" मी म्हटलं, लागणारच. त्याच्यासाठीच येतेय.

त्या गावची नोंदणी अगदी शेवटच्या दिवशी आली, कारण मधल्या दोन गावांत आम्हाला रोखून धरलं होतं. त्याच दिवशी दुपारच्या आत गाड्या सुटणार होत्या. गावची डीपी चार दिवसांपासून जळालेली. मी पाथर्डीत लॅपटॉप शंभर टक्के करून, पोत्यात गुंडाळून, मोटारसायकलवर सकाळी सातला तिथे पोचले. ट्रक उभेच होते. त्यांच्यात पत्रे, बांबू, हंडे, चुलीचे दगडसुद्धा चढत होते. एका ट्रकच्या फाळक्याला शेळी बांधलेली.

पाराजवळ टेबल टाकलं. पडद्याचा उजेड कमीत कमी ठेवला होता, त्यामुळे उन्हात काही दिसेना. उजेड वाढवला असता तर बॅटरीतला अर्धा तास गेला असता. दोन बायकांनी एक लुगडं उघडलं आणि माझ्या डोक्यावर चारी कोपरे धरून सावली केली. एक म्हातारी ट्रकजवळून म्हणाली, ताईची हळद हाय का काय आज. सगळे हसले. मीही हसले.

ती बाई पहिली उभी होती. उजाडल्यापासून आली होती म्हणे. आधारची झेरॉक्स, फोटो, सगळं हातात तयार. मी नाव टाकलं, गाव टाकलं आणि अंगठ्याचं यंत्र पुढे केलं. ते यंत्र लॅपटॉपमधूनच वीज घेतं. तिने अंगठा ठेवला, यंत्राने घेतला नाही. पुसून ठेवला, नाही. दुसऱ्या हाताचा, नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, सहाव्यांदा. तोडीच्या हातांना रेषा उरत नाहीत. मोळी बांधायचा उसाच्या पाल्याचा वेठ ओढून ओढून बायकांच्या तर बोटांचा कागद होतो, वर घरची राखेनं घासायची भांडी. मी कोपऱ्यातला आकडा पाहिला. शंभराचे चौऱ्याण्णव झाले होते. एका बाईपायी, आणि तीही लागली नव्हती.

मी तिला म्हटलं, हात धुऊन, तेल लावून या, तोवर दुसऱ्यांचं घेते.

दुसऱ्या बाईचा चार वेळा ठेवूनही लागला नाही. तिसरीचा पाच वेळा ठेवूनही नाही. पुरुषांचं बहुतेक दोनात होत होतं. मी मनात हिशेब केला. साठ कोयते म्हणजे एकशेवीस माणसं. ह्या गतीने निम्म्यावर लॅपटॉप बंद पडणार. मुकादम शेजारीच खुर्ची टाकून बसला होता. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, माझ्याशी अगदी अदबीने बोलायचा. तो म्हणाला, "ताई, तुमचा डबा दम टाकायच्या आत एक करा. कोयत्यामागं एक अंगठा घ्या. गडी घ्या. बायांचं बघू मागनं."

मुकादमाने सुचवलं हे खरं. पण बटन माझ्या बोटाखाली होतं. मी त्याच्याशी भांडू शकले असते. ह्याच वाक्यावर मी दहा सभांमधून भांडले होते. त्या दिवशी मी कोपऱ्यातला आकडा बघत होते. एका नावाला एक टक्का, दीड टक्का. नवऱ्याचं नाव लागलं म्हणजे निदान घर तरी यादीत आलं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि मोठ्याने म्हटलं, आधी पुरुष या.

बायका बाजूला झाल्या. आणि ज्या दोघींनी माझ्यावर लुगडं धरलं होतं, त्यांनी ते खाली घेतलं नाही. त्यांच्या नवऱ्यांची नावं मी त्यांच्याच सावलीत बसून लिहिली. एकीचा हात भरून आला की ती हात बदलायची. हे मी तेव्हा पाहिलं नाही असं म्हणायला मला आवडेल. पण पाहिलं होतं.

काम झपाझप झालं, हे कबूल करायला हवं. गडी येत होते, अंगठा ठेवत होते, जात होते. मी प्रत्येकाच्या मधे यंत्र काढून ठेवायची, पुन्हा जोडायची. मोबाईलवरचं इंटरनेट बंद, सगळं बंद. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं की दोन तासांच्या बॅटरीत मी अडीच तास काढले. शेवटचा गडी झाला तेव्हा आकडा नऊवर होता.

ट्रकवाल्यांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली होती. ती बाई टेबलाशी आली. हाताला खोबरेल लावलेलं होतं, वास येत होता. तिचा नवरा ट्रकमध्ये चढून बसला होता, त्याचं नाव लागलं होतं.

"ताई, माझं?"

मी तिला समजावलं. नऊ टक्के राहिलेत, हे सगळं पाठवायला टेकडीवर जावं लागेल, इथे रेंज नाही, पाठवताना बंद पडलं तर सगळ्यांचंच जाईल. मी आवाज मऊ ठेवला होता, आम्हाला तसं शिकवतात.

"सगळ्यांचं म्हंजी गड्यांचं," ती म्हणाली.

मी म्हटलं, पुढच्या वेळी तुमचं पहिलं.

"आजबी पहिलंच हुतं."

एवढंच. रागावली नाही. झेरॉक्सची घडी घातली, कमरेला खोचली आणि ट्रककडे गेली. वरून कुणीतरी हात दिला. तिने डावा हात वर केला, मग आठवल्यासारखा तो खाली घेऊन उजवा दिला.

गाड्या गेल्यावर मी टेकडी चढले. वर एका बोरीखाली रेंज येते, गावातली सगळी पोरं तिथेच बसतात. मोबाईलचं नेट चालू केलं, यादी पाठवली. दीड-दोन मिनिटांत गेली. मला वाटलं होतं वेळ लागेल. आकडा पाहिला. सात.

मी यंत्र जोडून पाहिलं, उगाच. त्याचा लाल दिवा लागला. सात टक्के तसेच. दुरुस्तीवाला म्हणाला होता की खालच्या दहावर विश्वास ठेवू नका, आणि मी डोळे लावून बसले की आता बंद पडेल, आता पडेल. पडला असता तर बरं झालं असतं. मी बरोबर ठरले असते. पंधरा मिनिटं झाली. सहा. लॅपटॉप चालूच. त्या वेळात एका बाईचा अंगठा सहादाच काय, दहादा ठेवून पाहता आला असता.

मुकादमाला फोन केला. गाड्या करंजीच्या घाटाजवळ पोचल्या होत्या. मी म्हटलं, थांबवा, मी येते, पाचला वेळ आहे. तो हसला. "एका बाईसाठी धा गाड्या उभ्या करू व्हय ताई? दोन पोरं ओकायलीत आधीच."

मी ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवला. घाटातल्या धाब्यांवर लाईट असते, तिथे कुठेही पिन लावता आली असती, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. शेजारच्या गावात पिठाची गिरणी आहे, दुसऱ्या लाईनवर चालणारी, सकाळीच तिथे जाऊन बसले असते तर सगळ्या बायका झाल्या असत्या, हे तर तिसऱ्या दिवशी. आठ दिवस मी फक्त वाचवायचं कसं एवढंच शिकत होते. वीज कुठे आहे, तिथे जाऊन मागावी, हे डोक्यातच आलं नाही. आणि ही मी, जी सभेत सांगत असते की बायांनो, आहे त्यात भागवू नका, मागा.

कार्यालयात दादांनी पाठ थोपटली. साठच्या साठ, एवढ्या बॅटरीत. अहवाल मी लिहिला. त्यात मी "साठ कुटुंबांची नोंदणी" असं लिहिलं. कुटुंब हा शब्द मला चांगला सापडला. त्यात कोण लागलं आणि कोण राहिलं ते दिसत नाही. ज्या शब्दांवर मी दुसऱ्यांच्या कागदांवर लाल रेघा मारत आले, त्यांतला एक मी माझ्या हाताने टाईप केला आणि खोडला नाही. नंतर बैठकीत मी घडलं ते सगळं सांगितलं. मग चहा आला. राहिलेल्या बायकांची नोंद पुन्हा केव्हा उघडणार म्हणून आम्ही तीनदा विचारायला गेलो. सांगता येत नाही, हे उत्तर तिन्ही वेळा मिळालं. पत्रक आम्ही अजून वाटतो. मथळा तोच आहे. वाटताना मी आता तोंडाने फारसं बोलत नाही.

संक्रांतीनंतर ओळखपत्रं आली. ती टोळी तेव्हा श्रीगोंद्याच्या बाजूला, काष्टीच्या पुढे एका मळ्यात होती. मी एकटीच गेले. दुपारची वेळ, तोड चालू होती. गडी फडातून एकेक बाहेर आले, घाम पुसून कार्ड घेतलं, स्वतःचा फोटो बघून एकमेकांना दाखवला. एकाला दुसरा म्हणाला, ह्या फोटोवर तर तुला कुनी उसाच्या आसपास फिरकू देनार न्हाई. हशा झाला. बायका मोळ्या बांधत होत्या. त्यांना बोलवायचं कारण नव्हतं.

तिचा नवरा दूरच्या सरीत होता, म्हणून कार्ड घ्यायला तीच आली. मी तिच्याकडे न बघता गठ्ठ्यातून नाव शोधलं आणि दिलं. तिने ते धरलं, तुटकं बोट कडेला टेकवून. पुढची बाजू बराच वेळ पाहिली. फोटो नवऱ्याचा, तो तिने ओळखला. अक्षरांवरून बोट फिरवलं. मग कार्ड उलटं केलं.

"मागं बी लिवलंय," ती म्हणाली. "हितं हाय का मी?"

मी म्हटलं, नाही. मागे सूचना आहेत.

"कसल्या?"

मला वाचून दाखवावं लागलं. कार्ड जपून ठेवावे. कार्ड दुसऱ्या कोणास वापरण्यास देऊ नये. हरवल्यास कळवावे.

तिने मान हलवली, कार्ड पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं आणि फडाकडे चालू लागली. तिची मोळी अर्धी बांधायची राहिली होती.